हार खोटा निघायच्या आधीच गोष्ट सगळं सांगून बसते: 'द नेकलेस'चा प्रकरण अभ्यास

'द नेकलेस' वाचून झाली की बहुतेक सगळे शेवटच्या ओळीबद्दलच बोलतात. हार खोटा होता, बापरे, दहा वर्षं फुकट गेली, आणि मग लगेच तात्पर्य: हाव करू नये, अंथरूण पाहून पाय पसरावेत. परीक्षेत याला मार्क मिळतातही. पण मला हे उत्तर कायम अर्धवट वाटत आलंय, कारण तेवढंच सांगायचं असतं तर लेखकाने एवढा खटाटोप कशाला केला असता, दोन ओळींची बोधकथा पुरली असती. म्हणून इथे फक्त ही एकच कथा घेऊन बघूया की वस्तूंच्या हव्यासाबद्दल ती जे म्हणते ते नेमकं कुठून म्हणते, कुठल्या जागा, कुठली तंत्रं. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. शेवटचा ट्विस्ट हे या कथेतलं सगळ्यात गाजलेलं तंत्र आहे, पण सगळ्यात महत्त्वाचं नाही, खरं काम त्याच्या आधीच झालेलं असतं आणि ते आपल्या लक्षात येऊ नये अशी सोयही लेखकाने करून ठेवलीय.

आधी प्रकरण काय ते

फ्रेंच लेखक गी द मोपासांची ही कथा १७ फेब्रुवारी १८८४ ला पॅरिसच्या 'ल गोल्वा' या वर्तमानपत्रात छापून आली आणि १८८५ मध्ये त्याच्या कथासंग्रहात गेली. मोपासां स्वतः काही वर्षं सरकारी कारकून होता, आधी नौदल खात्यात आणि नंतर शिक्षण खात्यात. कथेतला नवराही शिक्षण खात्यातलाच कारकून आहे, त्यामुळे ऑफिसातली उतरंड, साहेबाच्या घरच्या आमंत्रणासाठी होणारी धडपड हे सगळं त्याने जवळून बघितलेलं होतं.

मातिल्द ल्वाझेल दिसायला सुंदर, जन्म कारकुनाच्या घरात, लग्नही कारकुनाशी. तिला वाटतं आपण श्रीमंतीसाठीच जन्मलोय आणि नशिबाची काहीतरी गडबड झाली. एक दिवस नवरा मोठ्या खुशीत मंत्र्याच्या घरच्या समारंभाचं आमंत्रण घेऊन येतो तर ही रडायला लागते, घालायला काही नाही म्हणून. नवरा ४०० फ्रँक काढून देतो, जे त्याने बंदूक घेण्यासाठी साठवलेले असतात, उन्हाळ्यात रविवारी मित्रांबरोबर नाँतेरच्या माळावर चंडोल मारायला जायचं म्हणून. ड्रेस होतो. मग दागिना नाही. नवरा म्हणतो खरी फुलं लाव, १० फ्रँकमध्ये दोन-तीन मस्त गुलाब मिळतील. तिला ते पटत नाही. मग ती कॉन्व्हेंटमधल्या मैत्रिणीकडे, मादाम फोरेस्तिएकडे जाते आणि हिऱ्यांचा हार मागून आणते. समारंभात तिचीच चर्चा होते. पहाटे चारच्या सुमारास दोघं निघतात, घरी आल्यावर गळ्यात हार नाही. शोधाशोध, पोलीस, पेपरात बक्षिसाची जाहिरात, काही नाही. शेवटी तसाच दिसणारा हार पॅले रॉयालमधल्या एका दुकानातून ३६,००० फ्रँकला घेऊन मैत्रिणीला परत देतात. १८,००० नवऱ्याला वडिलांकडून मिळालेले, बाकीचे कर्जाने. पुढे दहा वर्षं ते फेडणं. फिटल्यावर एका रविवारी पॅरिसच्या शाँझेलिझे रस्त्यावर मातिल्दला ती मैत्रीण दिसते, अजून तशीच तरुण आणि सुंदर, ती हिला ओळखतही नाही. मातिल्द सगळं सांगते आणि मैत्रीण म्हणते की अगं माझा हार खोटा होता, फार तर ५०० फ्रँकचा.

गोष्ट तिथेच संपते.

निवेदक कोणाच्या बाजूने बोलतोय

सुरुवातीची दोन पानं नीट वाचली तर एक गंमत दिसते. मातिल्द जणू नशिबाच्या चुकीने कारकुनाच्या घरात जन्मली असं कथा पहिल्याच वाक्यात म्हणते. हे कोणाचं मत? निवेदकाचं की तिचं? कथा सांगत नाही. तिला असं वाटायचं, ती असं समजायची, असली शब्दरचना त्या वाक्यात येत नाही, फक्त एक 'जणू' आहे, आणि तो कोणाचा ते कळत नाही. मग पुढे तिच्या स्वप्नातली घरं येतात, पौर्वात्य पडद्यांनी सजलेली शांत दालनं, ब्राँझचे उंच दिवे, शेगडीच्या उबेने पेंगुळलेले दोन धिप्पाड नोकर, जुनी रेशमी सजावट असलेले दिवाणखाने. वाक्यं लांब, विशेषणांनी भरलेली, आणि वाचताना आपणही त्यात रमतो, हे मान्य करायला हरकत नाही. लेखक तिच्या डोक्यात शिरून तिच्याच चालीवर बोलतोय पण स्वतःचा आवाज सोडत नाहीये, त्यामुळे वाचकाला कळत नाही की आपण तिच्यावर हसायचं की तिच्याबरोबर हळहळायचं.

आणि मग एकदम जेवणाचं टेबल. तीन दिवस वापरलेलं टेबलक्लॉथ, नवरा सूपाच्या भांड्यावरचं झाकण काढतो आणि खूश होऊन म्हणतो वा, याच्याइतकं चांगलं काही नाही. ती त्याच क्षणी चकचकीत चांदीची भांडी आणि गुलाबी ट्राउटची स्वप्नं बघतेय. एकाच टेबलावर एकाला सगळं मिळालंय आणि एकाला काहीच नाही, आणि समोरचं सूप तर तेच आहे. सुख वस्तूत असतं की बघणाऱ्यात, यावर लेखकाला एक वाक्यही लिहावं लागत नाही, त्याने दोघांना समोरासमोर बसवलं की झालं.

पण नवऱ्याला लगेच साधुसंत करायची घाई नको. आमंत्रण आणताना तो काय म्हणतो बघा, सगळ्यांना हवं असतं, कारकुनांना फार देत नाहीत, मला मिळवायला किती त्रास पडला. म्हणजे त्यालाही मोठ्या लोकांत मिरवायचंच आहे, फक्त त्याची भूक छोटी आहे. हार हरवल्यावर मैत्रिणीला खोटं पत्र लिहायची कल्पनाही त्याचीच, की हाराची कडी तुटली, दुरुस्तीला दिलाय. वर्गातल्या नोट्समध्ये हे जवळपास कधीच येत नाही, तिथे सगळा दोष बायकोवर.

नाचाच्या रात्री हार कुठे आहे?

आता माझ्या मते या कथेतली सगळ्यात हुशार जागा. समारंभाचं वर्णन दोन लहानशा परिच्छेदांत आटपतं. ती सगळ्यांत सुंदर होती, डौलदार, हसरी, आनंदाने वेडी झालेली, सगळे पुरुष तिच्याकडे बघत होते, नाव विचारत होते, ओळख करून घ्यायला धडपडत होते, मंत्र्याच्या कार्यालयातल्या सगळ्यांना तिच्याबरोबर नाचायचं होतं, खुद्द मंत्र्याचं लक्ष गेलं. आणि ज्या हारासाठी एवढं सगळं झालं तो हार?

त्याचा उल्लेखच नाही. एकदाही नाही. कोणी हाराकडे बघितलं, कोणी हिऱ्यांची तारीफ केली, हार दिव्यात चमकला, असं एकही वाक्य नाही. कथेचं नाव ज्या वस्तूवरून आहे ती वस्तू तिच्या सगळ्यात मोठ्या रात्री पानावरून गायब आहे. जे काही मिळालं ते तिच्या रूपाला, हसण्याला, नाचण्याला मिळालं असंच त्या परिच्छेदांतून निघतं. खरं तर १० फ्रँकचे गुलाब लावून गेली असती तरी ती रात्र अशीच गेली असती का, हा प्रश्न कथा विचारत नाही, पण वाचकाला विचारता येईल एवढी जागा रिकामी ठेवते. न सांगणं हेही तंत्रच असतं, आणि प्रतीकांच्या मागे लागलेले लोक हे हमखास मिस करतात कारण जे पानावर नाही त्याखाली पेन्सिलने रेघ कशी मारणार.

अर्थात यावर कोणी म्हणेल की हार गळ्यात होता म्हणूनच तिला तेवढा आत्मविश्वास आला. बरोबर आहे, येऊ शकतो. पण मग तो आत्मविश्वास ५०० फ्रँकच्या खोट्या हारानेही आलाच की! खरा असण्याचा त्यात काहीच वाटा नव्हता. दोन्ही बाजूंनी बघितलं तरी हिरे फालतूच ठरतात.

आणखी एक. तिच्या स्वप्नातल्या बंगल्यात नोकर खुर्च्यांत पेंगत असतात ना, तर समारंभाच्या रात्री कोण झोपलेलं असतं? नवरा. मध्यरात्रीपासून एका छोट्या रिकाम्या दालनात, आणखी तीन गृहस्थांबरोबर, ज्यांच्या बायकाही तिकडे मजा करतायत. स्वप्न खरं झालं खरं, फक्त पेंगणाऱ्या नोकराच्या जागी स्वतःचा नवरा आला. लेखकाने हे मुद्दाम जुळवलं का, मला तरी वाटतं हो, कारण कथा एवढी छोटी आहे की त्यात झोपलेल्या माणसांची दोन चित्रं उगाच येणार नाहीत.

कोट, आणि पळणं

निघताना नवरा तिच्या खांद्यावर घरून आणलेले साधे, रोजचे गरम कपडे टाकतो. बाकीच्या बायका महागड्या फरमध्ये स्वतःला गुंडाळत असतात. तिला ते जाणवतं आणि त्यांच्या नजरेला पडू नये म्हणून ती पळायला बघते. नवरा म्हणतो थांब, बाहेर थंडी लागेल, मी गाडी बोलावतो, ती ऐकत नाही, भराभर जिना उतरते. रस्त्यावर गाडी मिळत नाही, दोघं कुडकुडत सेन नदीच्या दिशेने चालत जातात, शेवटी रात्रीच फिरणारी एक जुनाट घोडागाडी मिळते, जिला जणू दिवसा पॅरिसमध्ये आपली दैना दाखवायची लाज वाटते असं लेखक म्हणतो.

ही गाडीची ओळ म्हणजे मातिल्दचंच वर्णन आहे, चेतनगुणोक्ती म्हणून परीक्षेत लिहायला छान उदाहरण. पण कोटाकडे जरा जास्त वेळ थांबूया. त्या संध्याकाळी तिच्या अंगावर काय काय होतं? नवऱ्याच्या बंदुकीच्या पैशांतून आलेला ड्रेस, मागून आणलेला हार (तोही खोटा, हे नंतर कळतं), आणि हा कोट. यातली तिची स्वतःची, तिच्या रोजच्या आयुष्यातली एकच वस्तू म्हणजे कोट. आणि लाज तिला त्याचीच वाटते. थंडीत उपयोगाची वस्तूही तीच.

पुढे हार शोधताना तिला आठवतं की मंत्रालयाच्या दाराजवळच्या दालनात हार चाचपला होता, तेव्हा तो गळ्यात होता. म्हणजे जे व्हायचं ते त्यानंतर झालं, या घाईगडबडीत, रस्त्यावर किंवा गाडीत. गाडीचा नंबरही कोणी बघितला नाही. नेमका कुठे पडला ते कथा सांगतच नाही, पण क्रम असा लावलाय की वाचकाच्या मनात आपोआप जोडलं जातं: कोटाची लाज, पळापळ, हार गेला. लाजेपायी गेला असं लेखक कुठेही लिहीत नाही, फक्त एकामागे एक घटना ठेवतो. कारण आणि परिणाम शब्दांत न जोडता नुसते शेजारी ठेवायचे, हे तंत्र मला ट्विस्टपेक्षा कितीतरी अवघड वाटतं, कारण ट्विस्ट लोकांना दिसतो आणि हे दिसत नाही.

आरशाबद्दल थोडक्यात. मैत्रिणीच्या घरी ती आरशासमोर दागिने लावून बघते, हार घातल्यावर स्वतःकडेच बघत हरखून उभी राहते. समारंभाहून आल्यावर पुन्हा आरसा, स्वतःला त्या थाटात एकदा शेवटचं बघावं म्हणून खांद्यावरचे ते गरम कपडे काढते आणि तिथेच किंचाळते, गळा रिकामा. यानंतरच्या दहा वर्षांत आरसा येतच नाही. नवरा ऑफिसात असताना ती कधी कधी खिडकीशी बसते आणि त्या रात्रीची आठवण काढते, बस.

आकडे हे सुद्धा तंत्रच

साहित्याच्या तासाला आकड्यांकडे कोणी बघत नाही, पण ही कथा आकड्यांनी खच्चून भरलीय आणि माझ्या मते हव्यासाबद्दलचं म्हणणं सगळ्यात थंडपणे तिथेच मांडलंय. एका रांगेत ठेवून बघा: गुलाब १० फ्रँक, ड्रेस ४००, खोटा हार फार तर ५००, दुकानात सांगितलेली किंमत ४०,०००, प्रत्यक्ष मोजलेले ३६,०००.

ड्रेस ४०० आणि हार ५००! म्हणजे जो हार घालून ती मोठ्या घरची दिसली तो जवळपास तिच्या ड्रेसच्याच किमतीचा होता, ती ज्या थरात उभी होती त्याच थरातला. शेवटची ओळ वाचल्यावर आपण ३६,००० आणि ५०० मधली दरी बघून हबकतो, ७२ पट आहे ती, आणि त्या नादात ४०० आणि ५०० किती जवळ आहेत हे निसटून जातं.

ड्रेसचे ४०० कसे ठरले तेही बघण्यासारखं आहे. नवरा किती लागतील विचारतो तेव्हा ती काही सेकंद विचार करते, हिशोब करते, आणि काटकसरी नवरा दचकून सरळ नाही म्हणणार नाही असा आकडा शोधते. म्हणजे इथे ४०० ही ड्रेसची किंमत राहतच नाही, नवऱ्याकडून किती निघू शकतील त्याची ती किंमत आहे. या एका वाक्यात दोघांचं लग्न कळतं.

आता फेडण्याची बाजू. नवरा रात्री कागदांच्या नकला करतो, पानाला ५ सू. एका फ्रँकचे २० सू, म्हणजे चार पानं लिहिली की एक फ्रँक. कर्ज १८,००० चं, व्याज सोडूनच द्या. फक्त नकला करून फेडायचं म्हटलं तर ७२,००० पानं. कथेत हा हिशोब दिलेला नाही, लेखक फक्त ५ सू एवढंच सांगून पुढे जातो आणि गणित वाचकावर सोडतो. अर्थात त्याला पगार होता, इतर जमाखर्च लिहायची कामंही होती, सगळं नकलांनीच फिटलं असं नाही, पण प्रमाण कळतं. कर्ज घेतानाची वाक्यंही अशीच तुटक आहेत, इथून हजार, तिथून पाचशे, इकडे पाच लुई, तिकडे तीन लुई. लुई म्हणजे २० फ्रँकचं नाणं. हजारावरून साठ फ्रँकपर्यंत खाली येत येत मागणं चाललंय. लाज म्हणजे काय ते इथे दिसतं, पण ते लाज हा शब्द न वापरता.

दहा वर्षं, पान-अर्ध्या पानात

आता वेगाबद्दल. हार हरवल्यानंतरच्या एका आठवड्याला कथा भरपूर जागा देते, कोण कुठे गेलं, काय शोधलं, पत्रात काय लिहिलं. आणि दहा वर्षं? थोडेसेच परिच्छेद. मोलकरीण काढली, घर बदललं, छपराखालची खोली घेतली. भांडी घासली, गुलाबी नखं तेलकट भांड्यांवर झिजली, कपडे धुतले, रोज सकाळी कचरा खाली नेला, पाणी वर आणलं, प्रत्येक मजल्यावर दम खायला थांबत. दुकानात एकेका सू साठी घासाघीस केली, शिव्या खाल्ल्या.

भाषाच बदलते. सुरुवातीच्या स्वप्नात विशेषणं होती, इथे क्रियापदं आहेत. स्वप्नात वस्तू नुसत्या असतात, ठेवलेल्या, लटकवलेल्या, चमकणाऱ्या, त्यांना कोणी पुसत नाही की उचलत नाही. इथे प्रत्येक वस्तूला हात लागतो आणि प्रत्येक वस्तू वजनदार आहे. वस्तू हव्या असणं आणि वस्तू सांभाळणं यातला फरक लेखकाने व्याकरणातच घालून टाकलाय असं म्हटलं तरी चालेल. चांदीची भांडी तिलाच घासावी लागली असती तर ती स्वप्नात आली असती का, असा आगाऊ प्रश्न मला इथे नेहमी पडतो.

आणि इथेच 'हाव केली, शिक्षा झाली' हे वाचन अडखळतं. कारण या भागात निवेदक तिला हिणवत नाही. ती आपला वाटा उचलते, एकदम, शौर्याने, असा शब्द तो तिच्यासाठी वापरतो. ती बळकट, राकट, गरीब घरातली बाई होते. ज्या माणसाला शिक्षाच द्यायचीय त्याला लेखक शूर कशाला म्हणेल? थोडा उपरोध त्यात असेलही, पण तो सगळा शब्द खाऊन टाकत नाही. माझ्या मते ही बाई वाईट नाहीच, तिला एकच गोष्ट जमत नाही: एखादी वस्तू कितीची आहे हे बाहेरच्या कोणीतरी सांगितल्याशिवाय ओळखणं. हिरे बघून खरे वाटले कारण श्रीमंत मैत्रिणीच्या कपाटातले होते.

खोटेपणाच्या खुणा आधीच होत्या

दुसऱ्यांदा वाचताना लेखकाची बदमाशी कळते. मैत्रिणीला विचारल्यावर ती लगेच म्हणते, हो, ने की. ना काळजी, ना सूचना, ना जपून वापर गं. ३६,००० फ्रँकच्या वस्तूबद्दल कोण असं बोलतं? पण पहिल्या वाचनात आपण म्हणतो, श्रीमंत आहे बाबा, तिला काय फरक पडतो.

मग त्याहून मोठी खूण. हार हरवल्यावर ते डबीवर नाव असलेल्या सराफाकडे जातात तर तो वह्या बघून सांगतो की हा हार मी विकलेला नाही, मी फक्त डबी दिली असणार. नीट बघा, डबी एका दुकानाची आणि आतली वस्तू दुसरीकडची. डबी अस्सल, काळ्या सॅटिनची, आतला माल वेगळा. याच्याइतकी उघड खूण देऊनही पहिल्यांदा वाचणाऱ्यांपैकी फारच थोडे तिथे थांबतात, कारण आपल्यालाही त्या जोडप्याबरोबर हार शोधायची घाई झालेली असते.

म्हणजे लेखक वाचकाला तेच करायला लावतो जे मातिल्द करते. डबी बघायची आणि आत काय आहे त्याची किंमत ठरवून टाकायची. आपणही एकदा सुद्धा विचारत नाही की हार खरा आहे का? ही माझ्या अभ्यासाची मुख्य गोष्ट आहे. वस्तूंच्या हव्यासावर भाषण दिलं असतं तर आपण मान डोलावून पुढे गेलो असतो, इथे मात्र शेवटच्या ओळीला आपणही पकडले जातो आणि तिला मूर्ख म्हणायला तोंड राहत नाही.

परत देतानाही डबी. मैत्रीण जराशी तुटकपणे म्हणते, लवकर आणायला हवा होतास, मला लागला असता. आणि डबी उघडत नाही. मातिल्दला भीती असते की उघडली आणि बदल कळला तर आपल्याला चोर समजतील. ज्या गोष्टीची भीती होती तीच झाली असती तर कदाचित दहा वर्षं वाचली असती, पण डबी बंदच राहिली. खोटा हार ठेवायला ज्या बेफिकिरीने मैत्रिणीने ती घेतली तेवढ्याच बेफिकिरीने त्यात आता ३६,००० चा हार पडून आहे, आणि ती बाई त्याला ५०० चा समजतेय. इथे खऱ्याला खोटं समजणं आणि खोट्याला खरं समजणं दोन्ही एकाच डबीत झालं.

ट्विस्टबद्दल माझी तक्रार

शेवट जबरदस्त आहे यात वाद नाही. त्यात एक बारीक गोष्ट आहे जी सहसा सुटते. हार बदलून दिला होता असं सांगितल्यावर मातिल्द म्हणते, तुझ्या लक्षातही आलं नाही ना, अगदी तसाच होता, आणि तिच्या चेहऱ्यावर भोळा, अभिमानी आनंद येतो. दहा वर्षांच्या कष्टांनंतर तिला अभिमान कशाचा वाटतो, तर आपला हार त्या हारासारखा हुबेहूब दिसला याचा. दिसण्याचा! म्हणजे ती बदलली का? हात बदलले, आवाज बदलला, पण मोजपट्टी तीच राहिली. त्याच्या पुढच्याच क्षणी मैत्रीण खरं सांगते. तो आनंद त्या जागी ठेवला नसता तर शेवट नुसता धक्का राहिला असता.

तक्रार अशी की धक्का एवढा मोठा आहे की त्याच्या आवाजात बाकी सगळं बुडतं. लोकांना लक्षात राहतं ते 'अरेरे, खोटा होता'. त्यातून जो धडा निघतो तो भलताच व्यवहारी आहे: वस्तू घेण्याआधी तपासून घ्या, किंवा खरं बोलून टाका म्हणजे नुकसान टळेल. खरं बोलली असती तर ५०० फ्रँकमध्ये सुटली असती हे बरोबरच आहे, पण हा झाला पैसे वाचवायचा सल्ला, हव्यासाबद्दल त्यात काही नाही. उलट त्या सल्ल्यातही मोजमाप पैशातच चाललंय.

अजून एक आक्षेप नोंदवायलाच हवा. निवेदक बायकांबद्दल सरसकट विधानं करतो, त्यांना जात-कुळी नसते, रूप हेच त्यांचं कुळ, असली. आज वाचताना ते खटकतं आणि खटकायलाच पाहिजे. याचा बचाव करणारे म्हणतात की तो मातिल्दचाच विचार तिच्या चालीवर बोलतोय. काही ठिकाणी ते पटतं, पण समारंभाच्या वर्णनात जिथे तो विजय बायकांच्या मनाला कसा गोड वाटतो असं म्हणतो तिथे मला लेखकाचाच आवाज ऐकू येतो. नवऱ्याला बंदूक हवी होती, मंत्र्याकडचं आमंत्रण हवं होतं, त्यावर पुरुषांच्या मनाबद्दल मात्र एकही असं विधान नाही.

आणि पैशाचा प्रश्न. खरा हार मैत्रिणीकडे आहे. हिशोबाने बघितलं तर ती परत करू शकते, निदान फरक तरी. मग दहा वर्षं फुकट गेली कशी, विकला तर मोठी रक्कम हाती येईल! सराफाने तर कबूलही केलं होतं की पहिला हार फेब्रुवारीअखेर सापडला तर हा ३४,००० ला परत घेईन, म्हणजे विकण्याची किंमतही कथेत आधीच येऊन गेलीय. पण कथा मैत्रिणीच्या वाक्यावर तुटते. मातिल्द काय म्हणाली, मैत्रिणीने काय केलं, काही नाही. वाचणारे मग भांडत बसतात की तिला पैसे मिळाले असतील की नाही, आणि मी सुद्धा त्या भांडणात भाग घेतो, माझं मत की फोरेस्तिए हार परत देते. तिचा हळहळलेला आवाज आणि हातात धरलेले मातिल्दचे हात बघता ती तशी बाई वाटते. यावर कोणी मला विचारलं की मग मातिल्द त्या पैशांचं काय करेल, तर माझ्याकडे दोन उत्तरं आहेत आणि दोन्ही कथेतल्याच पुराव्यावर टिकतात.